गावच्या घराला डिश: सामान विकत घेऊन स्वतः लावावं, की कंपनीचं भाड्याने घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरी ठाण्यात, घर राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत. आईवडील गणपतीला गावी जातात ते शिमगा करून परततात, मे महिन्यात पुन्हा घर भरतं. म्हणजे वर्षाचे सातेक महिने टीव्ही चालणार. डीलर म्हणतो, "बॉक्स, छत्री सगळं कंपनी देते, लावूनही देते, तुम्ही फक्त रिचार्ज मारा." पण पावतीमागे बारीक अक्षरात लिहिलंय की सामान कंपनीच्या मालकीचं राहील. दुसरीकडे छत्री, एलएनबी (छत्रीसमोर दांड्यावर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग), वायर, बॉक्स हे सगळं सुटं विकत मिळतं आणि प्रश्नकर्त्याला हाताने काम करायची हौस आहे. आईला संध्याकाळच्या मालिका हव्यात, वडिलांना बातम्या आणि क्रिकेट. शिवाय एका बंद पडलेल्या कनेक्शनची जुनी छत्री कौलांवर पडून आहे, तिचं काय करायचं हेही विचारलंय.

मी रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यात बरीच वर्षं हेच काम करतो, म्हणून जरा लांबण लावून उत्तर देतो.

'विकत की भाड्याने' हा एकच प्रश्न वाटतो, पण डिशच्या बाबतीत ते दोन प्रश्न आहेत. घराबाहेरचं सामान वेगळं आणि घरातलं वेगळं. बाहेर असते छत्री, तिचा स्टँड, एलएनबी आणि वायर. हे सामान कुठल्याच कंपनीला बांधलेलं नाही. आज या उपग्रहाकडे तोंड करून उभी असलेली छत्री उद्या पाना घेऊन दुसऱ्या उपग्रहाकडे वळवता येते. आत असतो बॉक्स आणि त्याचं कार्ड. पैसे भरून बघायच्या कनेक्शनचा बॉक्स ज्या कंपनीचा, तिच्याकडेच चालतो. तुम्ही तो रोख पैसे मोजून घेतलात तरी कंपनी बदलली की त्याचा उपयोग शून्य. कायद्याने असं व्हायला नको होतं. डीटीएचच्या, म्हणजे छत्रीवरून थेट घरात येणाऱ्या सेवेच्या, २००१ च्या मार्गदर्शक सूचनांतच बॉक्स खुल्या रचनेचा हवा अशी अट होती, आणि कुठलाही बॉक्स कुठल्याही कंपनीवर चालावा अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामकाने एप्रिल २०२० मध्ये पुन्हा केली. पण आपल्या घरात येणाऱ्या बॉक्समध्ये ती सोय अजून दिसत नाही.

म्हणून माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो. बाहेरचं सामान स्वतःचं घ्या, चांगलं घ्या आणि जमत असेल तर स्वतः लावा. पैसे भरायच्या कनेक्शनचा बॉक्स मात्र मालकीचा करण्यात अर्थ नाही, तो भाड्याने किंवा अनामतीवर मिळत असेल तर खुशाल घ्या. फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांवर भागणार असेल तर बॉक्सही स्वतःचाच असू दे, कारण तिथे तो कुणालाच बांधलेला नसतो.

आता पैशांचं. लोक बॉक्सच्या हजार-दीड हजारांवर घासाघीस करतात आणि रिचार्जकडे बघत नाहीत. समजा, महिन्याला ३०० रुपयांचा पॅक घेतला आणि वर्षाचे सात महिने चालवला, तर पाच वर्षांत साडेदहा हजार होतात. बारा महिने चालू ठेवला तर अठरा हजार. त्यापुढे बॉक्स कुणाच्या मालकीचा, याला काय किंमत? २०१९ मध्ये वाहिन्या निवडून पैसे भरायची नवी पद्धत आली तेव्हा पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी महिना १३० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, ही नेटवर्क फीची, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोचवण्याच्या आकाराची, कमाल मर्यादा होती. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती मर्यादाच काढून टाकली. तेव्हा डीलरला आधी "बॉक्स कितीला?" विचारू नका. "सगळ्यात स्वस्त मराठी पॅक करासकट महिन्याला कितीला आणि तीन महिने रिचार्ज नाही मारला तर काय होतं?" हे विचारा.

दुसरा भाग तुमच्या घरासाठी फार महत्त्वाचा आहे. भाड्याच्या बॉक्सच्या अटी बारमाही चालणारं घर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. घर जूनपासून गणपतीपर्यंत बंद, पुन्हा शिमग्यानंतर महिनाभर बंद. काही योजनांत इतके महिने कनेक्शन बंद राहिलं की कंपनी बॉक्स परत मागू शकते, किंवा पुन्हा चालू करायला वेगळा आकार लावते. ट्रायच्या २०१७ च्या सेवा-दर्जा नियमांनुसार बॉक्सच्या योजना आणि दुरुस्तीच्या अटी कंपनीने ग्राहकाला उघड सांगायच्या असतात, त्यामुळे मागायला लाजू नका. अनामत किती, परत किती मिळणार, बॉक्स बिघडला तर बदलून फुकट मिळणार की भेटीचे पैसे पडणार, किमान किती महिने ठेवावा लागेल, हे कागदावर घ्या. डीलरने व्हॉट्सॲपवर लिहून दिलं तरी चालेल, नुसतं तोंडी नको.

भाड्याच्या बॉक्सचा खरा फायदा वीज खेळते तिथे दिसतो. आपल्या वाड्यांवर लाइट जाते-येते, व्होल्टेज वरखाली होतं, आणि बॉक्सचा अडॅप्टर किंवा आतला पॉवर सप्लाय सगळ्यात आधी जातो. मालकीचा बॉक्स असेल तर वॉरंटी संपल्यावर तो खर्च तुमचा. भाड्याचा असेल आणि अटी नीट असतील तर तो कंपनीचा. तरीही स्पाइक गार्ड लावा आणि घर बंद करताना प्लग काढा. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस गडगडाट घेऊन येतो, तेव्हा वीज पडायची शंका आली की बॉक्समागची छत्रीची वायरही काढून ठेवायची सवय आईवडिलांना लावा. छत्रीच्या पाइपाला अर्थिंग दिलं तर उत्तमच.

आता वडिलांचं क्रिकेट आणि बातम्या, म्हणजे दूरदर्शनची फ्री डिश. २००४ च्या डिसेंबरात ती डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही. सह्याद्री आहे, बातम्यांच्या वाहिन्या आहेत, काही खासगी मराठी वाहिन्याही असतात, पण जागा लिलावाने दिल्या जातात त्यामुळे यादी वर्षागणिक बदलते. झी मराठी किंवा स्टार प्रवाहवरची ठरावीक मालिका हवी असेल तर फ्री डिशवर भागणार नाही, ते आईला आधीच सांगून टाका. क्रिकेटची मात्र गंमत आहे. खेळांच्या प्रक्षेपणाबाबतच्या २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण हक्कधारक कंपनीने प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावं लागतं. पण ते दूरदर्शनने आपल्या स्वतःच्या जाळ्यावरच दाखवायचं, खासगी केबल-डीटीएचवरून नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवलं. म्हणून भारताचा जो सामना डीडी स्पोर्ट्सवर फ्री डिशवाल्याला फुकट दिसतो, तोच शेजारी महिना तीन-चारशे भरणाऱ्याला डीडी स्पोर्ट्सवर दिसत नाही, त्याला खेळाची वाहिनी वेगळी घ्यावी लागते.

फ्री डिशचा बॉक्स घेताना एमपेग-४ आणि डीव्हीबी-एस२ असं लिहिलेलाच घ्या. बाजारात जुने एमपेग-२ बॉक्स शे-दोनशे रुपयांनी स्वस्त मिळतात, पण त्यांवर निम्मी गंमत दिसत नाही. छत्री, एलएनबी, वायर धरून सगळा संच दीड-दोन हजारांच्या आसपास बसतो, दुकानागणिक फरक पडतो. त्याआधी टीव्हीच्या पाठीमागे एकदा बघा. अलीकडच्या काही टीव्हींना 'एलएनबी इन' किंवा 'सॅटेलाइट' असं लिहिलेलं स्क्रूचं सॉकेट असतं. ते असेल तर फुकट वाहिन्यांसाठी बॉक्स घ्यायचीही गरज पडत नाही, वायर थेट टीव्हीत.

आता स्वतः लावण्याकडे येतो. अवघड नाही, पण घाई चालत नाही. माझ्या अनुभवात नवखा माणूस दोन ठिकाणी अडकतो: जागा निवडताना आणि शेजारचा उपग्रह पकडल्यावर.

जागेचं आधी. फ्री डिश ज्यावरून येते तो जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. राजापूर भागातून तो आग्नेयेला दिसतो, होकायंत्रावर साधारण १२८ अंश, आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर. म्हणजे बराच उंच. एक हिशोब लक्षात ठेवा: त्या दिशेला झाड जितक्या अंतरावर आहे, त्याच्या १.७ पटीपेक्षा ते छत्रीहून उंच असेल तर आडवं येणार. माड छत्रीपासून तीस फुटांवर असेल तर त्याचा शेंडा छत्रीच्या पातळीपेक्षा ५१ फुटांच्या आत हवा, आणि आपले जुने माड त्याहून उंच असतात. मे महिन्यात सगळं स्वच्छ दिसतं, गणपतीत आंबा-फणसाची नवी पालवी भरून येते, हेही धरा.

याची तपासणी फुकटात करायची एक युक्ती आहे. मार्चच्या मध्यावर आणि सप्टेंबरच्या अखेरीस काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास सूर्य आकाशात बरोबर त्या उपग्रहाच्या जागेवरून जातो. त्या वेळी काही मिनिटं चित्र फुटतं, कारण एलएनबीत सूर्याचाच गोंगाट भरतो. पण त्याच मिनिटांत तुम्ही ठरवलेल्या जागेवर ऊन आहे की सावली, एवढं बघा. ऊन असेल तर वाट मोकळी. सावली असेल तर कोणती फांदी आडवी येते तेही तिथेच दिसेल. गणपतीनंतर आईवडील गावी असतीलच, त्यांना फोनवर सांगून वडिलांना तिथे उभं करा.

कंपनीचं कनेक्शन घेणार असाल तर दिशा बदलते. टाटा प्ले ८३ अंश रेखांशावर आहे, डीटूएच ८८ वर, डिश टीव्ही ९५ वर आणि एअरटेल १०८.२ वर. आपल्याकडून एअरटेल बराच पूर्वेकडे आणि खाली, टाटा प्ले दक्षिणेकडे झुकलेला आणि वर. एखाद्या घराला कुठली कंपनी घ्यावी याचा निकाल कधी कधी झाडंच लावतात. पूर्वेला डोंगर टेकलेला असेल तर तिकडच्या कंपनीचा पॅक शंभर रुपयांनी स्वस्त असून काय उपयोग?

छत्री कौलांवर नको. वासे-रिपा हलतात, कौलं फुटतात आणि वांदरांना ती झोका घ्यायला आयती सापडते. जांभ्याच्या चिऱ्यात रावळ प्लग किंवा अँकर ठोकून लावलेली छत्रीही मला भरवशाची वाटत नाही, चिरा मऊ असतो आणि पावसाळ्यात भोक हळूहळू सैल होतं. खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला दीड-दोन फूट खड्डा काढून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप काँक्रीटमध्ये पक्का रोवा, ओळंबा धरून सरळ. हा ओळंबा नुसता दिसण्यासाठी नाही. पाइप तिरका असला की छत्री आडवी फिरवताना तिची उंचीही आपोआप बदलत जाते आणि तुम्ही तासभर एकाच चक्रात फिरत राहता. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याने गेलं, त्यानंतर आम्ही गावागावांत छत्र्या सरळ करत फिरलो, तेव्हा काँक्रीटमधल्या पाइपांवरच्या छत्र्या बहुतेक जागेवर होत्या. फक्त तोंड फिरलेलं होतं.

छत्री केवढी? कंपनी ६० सेंटिमीटरची देते, आणि कोरड्या दिवसात तेवढी पुरते. आपल्याकडे पावसाची जाड सर आली की चित्र अडखळतं, चौकोन पडतात. ९० सेंटिमीटरची छत्री क्षेत्रफळाने सव्वादोन पट असते, तेवढा सिग्नल जास्त गोळा करते, आणि सरीत बरीच तग धरते. हा स्वतःचं सामान घेण्यातला सगळ्यात ठोस फायदा, कारण भाड्याच्या योजनेत कंपनी ती देणार नाही. तोटा असा की मोठ्या छत्रीला वारा जास्त लागतो आणि निशाणही जास्त अचूक साधावं लागतं. ६० सेंटिमीटरच्या छत्रीचा झोत सुमारे तीन अंश रुंद असतो, ९० च्या छत्रीचा दोनच. नवख्याने ६० ची लावून हात बसवावा, असं मी सांगीन. घर उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, असेल तर मी स्वतः ९० ची लावत नाही.

वायर आरजी-६ घ्या, आतली तार तांब्याची किंवा निदान तांब्याचा मुलामा असलेली, आणि शक्यतो तीस मीटरच्या आत. मधे जोड नको. एफ कनेक्टर (वायरीच्या टोकाला लावायचा स्क्रूचा जोड) लावताना बाहेरच्या जाळीचा एकही केस आतल्या तारेला शिवता कामा नये, नाहीतर बॉक्स 'एलएनबी शॉर्ट' असं दाखवून गप्प बसेल. एलएनबीजवळ वायर थोडी खाली लोंबती ठेवून मग वर न्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं, कनेक्टरमध्ये शिरत नाही. कनेक्टरवर नुसती काळी टेप पुरत नाही, आधी रबराची टोपी किंवा सेल्फ-अमालगमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप. खारी हवा आहे, नटबोल्ट स्टेनलेसचे घ्या, पैसे वाया जात नाहीत.

पाणी शिरलं की काय होतं ते सांगतो, कारण ही तक्रार हमखास येते: "काही चॅनेल दिसतात, काही नाहीत." बॉक्स एलएनबीला वायरीतूनच वीज पाठवतो, एका प्रकारच्या लहरींसाठी १३ व्होल्ट, दुसऱ्यासाठी १८. वायर गंजली किंवा भिजली की १८ व्होल्ट पूर्ण पोहोचत नाहीत आणि तेवढेच चॅनेल गायब होतात. लोक पॅक संपला समजून पुन्हा रिचार्ज मारतात. आधी कनेक्टर उघडून बघा, हिरवट पूड दिसली की तिथेच रोग आहे. याच कारणाने दोन टीव्हींसाठी केबलवाल्याचा साधा स्प्लिटर चालत नाही. ट्विन (दोन वायरी लावता येणारा) एलएनबी घ्या आणि दोन वायरी वेगळ्या ओढा.

आता निशाण. फोनमधलं होकायंत्र चालतं, फक्त लोखंडी पाइपापासून पाच-सहा पावलं लांब उभं राहून दिशा बघा आणि त्या रेषेत समोरचं काहीतरी हेरून ठेवा, एखादं झाड किंवा मंदिराचा कळस. छत्रीच्या मागच्या पट्टीवर उंचीचे आकडे असतात, तिथे ६० लावा. छत्री त्या मानाने बरीच उभी दिसेल, बिचकू नका. या छत्र्या ऑफसेट जातीच्या असतात, त्यांची नजर त्यांच्या तोंडापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असते. एलएनबीही सरळ बसत नाही. छत्रीच्या मागे उभं राहून आभाळाकडे बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने पंचेचाळीस ते पन्नास अंश फिरवावा लागतो. उत्तरेकडच्या माणसांनी बनवलेले व्हिडिओ बघून लोक तो कमी फिरवतात, पण आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत, इथे तो जास्त लागतो.

शक्य असेल तर छोटा टीव्ही आणि बॉक्स खळ्यात आणून छत्रीशेजारी ठेवा. एक जण छतावर, एक जण आत, आणि "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" हा खेळ आपण सगळ्यांनी लहानपणी खेळलोय, आता नको. बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या दिसतील, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथकडे बघूच नका. एलएनबीला वीज मिळाली की छत्री जमिनीकडे असली तरी ती पट्टी भरलेली दिसते. क्वालिटी ही खरी. दक्षिणेकडून सुरुवात करून पूर्वेकडे अगदी हळू फिरवा, आणि दर थोड्या सरकवण्यानंतर दोन-तीन सेकंद थांबा, बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो. न थांबता फिरवणारा माणूस उपग्रहावरून पाच वेळा जातो आणि त्याला कळतही नाही.

क्वालिटी आली, पण शोधल्यावर वाहिन्या भलत्याच किंवा सगळ्या कुलूपबंद, असं झालं तर तुम्ही शेजाऱ्याच्या घरात शिरलात. ९३.५ च्या अलीकडे दोन अंशांवर एक उपग्रह आहे आणि पलीकडे दीड अंशावर ९५ चा. ६० सेंटिमीटरच्या छत्रीची कड पाच मिलिमीटर सरकली की नजर एका अंशाने फिरते, म्हणजे सेंटिमीटरभरात डिश टीव्हीकडे पोहोचलात. अशा वेळी उंची बदलू नका, फक्त तितकंच उलट फिरवा. बरोबर उपग्रह सापडला की क्वालिटी दोन्ही बाजूंना पडेपर्यंत फिरवून बघा आणि मधोमध थांबा. उंचीचंही तसंच. मग एलएनबी बारीक फिरवून बघा. शेवटी नट आवळताना पट्टीवरची नजर काढू नका, आवळण्यानेच छत्री थोडी सरकते. एक नट थोडा, मग समोरचा थोडा, असं.

आणि सगळं झालं की छत्रीची पकड आणि पाइप यांवरून आरपार ऑइल पेंटची एक ठळक रेघ मारा. उंचीच्या पट्टीवरही तशीच एक. माझ्या मते स्वतः लावण्याचा सगळा फायदा या दोन रेघांत आहे. बसवणावळीचे चार-पाचशे वाचले, हा फायदा किरकोळ. बसवणं एकदा होतं, पण छत्री दर एक-दोन पावसाळ्यांनी फिरते. सामान भाड्याचं असो की मालकीचं, फिरलेली छत्री नीट करायला माणूस तालुक्यावरूनच यायचा, आणि गणपतीत त्याला वेळ नसतो. रेघ मारलेली असेल तर वडील नाहीतर शेजारचा मुलगा १३ नंबरचा पाना घेऊन पाच मिनिटांत रेघेला रेघ जुळवतो.

कंपनीचाच फिटर बोलावणार असाल तरी पाइप तुम्ही आधी रोवून ठेवा. 'मोफत बसवणं' म्हणजे बहुधा दहा मीटर वायर आणि भिंतीवर चार स्क्रू एवढंच असतं, पुढचं सगळं तिथल्या तिथे ठरतं. तयार पाइप आणि आधीच ओढलेली वायर दिसली की तोही खूश आणि काम पक्कं. एक सावधगिरी: जुना वापरलेला बॉक्स कुणाकडून स्वस्तात घेऊ नका. तो दुसऱ्याच्या नावावर असतो, क्वचित भाड्याचाच असतो, आणि कंपनीने बंद केला की दाद मागायला तुमच्याकडे पावतीही नसते.

तुमच्या घरापुरतं बोलायचं तर मी असं करीन. एक पाइप, त्यावर फ्री डिशची स्वतःची छत्री, ती वडिलांसाठी, बारमाही, रिचार्जची कटकट नाही. आईच्या मालिकांसाठी दुसरी छत्री आणि कंपनीचा बॉक्स, भाड्याचा चालेल, पण बंद महिन्यांची अट लिहून घेतलेली. वाडीत फायबर येऊन पोहोचलं असेल तर हा दुसरा खर्च करण्याआधी आईला फोनवर मालिका बघायला जमतं का तेही बघा. बऱ्याच घरांत आता तसं चाललंय.

राहिली कौलांवरची जुनी छत्री. ती टाकू नका, आधी खाली उतरवा. वरचा रंग उडाला, थोडा गंज आला, तरी चालतं, आकार बिघडलेला मात्र चालत नाही. तो असा बघायचा: काठावरून दोन दोरे फुलीसारखे ताणून बांधा. मधोमध दोन्ही दोरे एकमेकांना जेमतेम टेकले तर छत्री सरळ आहे. मधे फट राहिली किंवा एक दुसऱ्याला दाबतोय असं दिसलं, तर ती वाकलीय, भंगारात द्या. सरळ निघाली तर फ्री डिशसाठी तीच वापरा. एलएनबी आणि नटबोल्ट तेवढे नवे घ्या, आणि जुन्या कनेक्शनच्या कागदावर छत्री परत करायची अट नाही ना, एवढं एकदा बघून घ्या.